जाळीखालची भाजी: नेरुळमधल्या वाफ्यांच्या प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

सोसायटीच्या मागच्या भिंतीलगतची पट्टी अखेर मोकळी झाली. डेब्रिज उचललं, लाल माती आणि शेणखत टाकलं, आणि ज्यांना भाजी लावायची आहे त्या घरांना दहा फूट लांब, चार फूट रुंद असे वाफे आखून दिले. माझ्याकडे दोन आले. शेजारच्या काकांचे गुडघे दुखतात, त्यांनी त्यांचाही वाफा मला सांभाळायला दिला. भेंडी-वांग्याचा वाटा त्यांच्या घरी जाईल, एवढंच ठरलं.

सगळ्यांनी मिळून एक नियम केला आहे: इथे रासायनिक फवारणी करायची नाही. संध्याकाळी याच बाजूला मुलं खेळतात आणि पालेभाजी तोडल्यावर तासाभरात कढईत जाते. मग किडीला अडवायचं कसं? माझं उत्तर आहे जाळी. पण शेतकऱ्यांच्या शेडनेटसारखा हजारोंचा खर्च न करता, बाजारात सहज मिळणाऱ्या साध्या जाळ्यांनी किती काम होतं ते मला बघायचं आहे. म्हणून या नोंदी.

योजना अशी. पहिल्या वाफ्यावर लागवडीच्या दिवसापासून जाळी. दुसऱ्यात तीच रोपं, त्याच दिवशी, तेच खत, पण जाळी नाही. दोन्हीकडे कोबी आणि वांगी. तिसऱ्यात टोमॅटो आणि पालेभाजी. भिंतीच्या कडेला दुधीचा वेल. शेजारी उघडा वाफा असला तरच जाळीने काय केलं आणि हवेने काय केलं हे वेगळं करता येईल.

८ ऑक्टोबर, मंगळवार

तुर्भ्याला काम होतं, तिथून वाशीच्या बाजाराकडे वळले. शेती साहित्याच्या दुकानात पहिला प्रश्न आला, "किती मेश देऊ, ताई?" या धंद्यात सगळं त्या आकड्यावर चालतं. एका इंचात जितकी भोकं, तितका मेश. ४० मेश म्हणजे इंचाला चाळीस भोकं. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, चाळीसने भागलं की एका घराला साधारण ०.६ मिलिमीटर येतात. त्यातून दोऱ्याची जाडी वजा केली की मोकळी जागा ०.४ मिलिमीटरच्या आसपास उरते.

पिशवीत पट्टी होतीच. जाळी काउंटरवर पसरली, पट्टी ठेवली, मोबाईलने जवळून फोटो काढला आणि भोकं मोजली. आकडा बरोबर निघाला. नंतर कापडाच्या दुकानात मच्छरदाणीच्या पांढऱ्या कापडावर तेच केलं. इंचाला चौदा भोकं, म्हणजे मोकळी जागा दीड मिलिमीटरच्या थोडी वर. जाळी घेणाऱ्या प्रत्येकाने हे करावं असं मी मनापासून सांगेन. दोन मिनिटांचं काम आहे आणि दुकानदारही वैतागत नाही.

आता हे आकडे किडींच्या मापांशी लावून बघायचे. कोबीचा मुख्य शत्रू, चौकोनी ठिपक्याचा पतंग, पंख मिटून बसला की आठ-दहा मिलिमीटर लांब. काकडी-दुधीला डंख करणारी फळमाशीही जवळपास तेवढीच. हे दोघं मच्छरदाणीच्या कापडाला अडतात. पांढरी माशी मात्र जेमतेम एक मिलिमीटरची, ती त्यातून आरामात आत जाते. तिला बऱ्यापैकी रोखायचं तर ४० मेश हवी. फुलकिडे इतके बारीक की ४० मेशमधूनही सुटतात, त्यांचा प्रश्न जाळीने सुटत नाही.

४० मेश महाग आहे, शिवाय दाट असल्याने तिच्याखाली हवा कोंडते. तिच्यात अख्खा वाफा झाकणं मला पटत नाही. पांढरी माशी टोमॅटोला पानं गुंडाळणारा रोग देते, तो विषाणूचा रोग आहे आणि रोप जितकं कोवळं तितकं नुकसान जास्त. म्हणजे दाट जाळीची खरी गरज रोपवाटिकेत आहे, आणि रोपवाटिका असते दोन ट्रेची. कृषी विद्यापीठंसुद्धा टोमॅटोची रोपं ४० मेशच्या नायलॉन जाळीखाली वाढवायला सांगतात. म्हणून ४० मेशचा फक्त एक तुकडा घेतला आणि मच्छरदाणीचं कापड बारा मीटर.

कापड घेताना एक खात्री करून घेतली. मलेरियासाठी वाटतात त्या मच्छरदाण्यांच्या दोऱ्यातच कीटकनाशक असतं. तसली जुनी मच्छरदाणी घरात पडली असेल तर ती खाण्याच्या भाजीवर टाकायची नाही. साधं, औषध न लावलेलं कापडच हवं.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

पाटीपूजन, झेंडूचं तोरण आणि पेरणी. कोबी, वांगी, टोमॅटो ट्रेमध्ये. मिश्रण कोकोपीट आणि गांडूळखताचं. ट्रेवर तारेची चौकट, तिच्यावर ४० मेशचा तुकडा, कडा चारी बाजूंनी विटांखाली. टोमॅटोचा एक छोटा ट्रे मुद्दाम उघडा ठेवला आहे, तुलनेसाठी.

बी उगवल्यावर जाळी टाकू असं नाही. दोन पानांवर आलेल्या रोपावर माशी बसायला एक दुपार पुरते.

१९ ऑक्टोबर, शनिवार

तिसऱ्या वाफ्यात मेथी, लाल माठ, पालक टाकला. मेथी टाकून पाठ फिरवली तोवर कबुतरं हजर. नवी मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीला हे सांगायला नको. इथे किडीचा नाही, चोचीचा प्रश्न आहे आणि चोचीला कांद्याची गोणी पुरते.

किराणावाल्याकडून रिकाम्या गोण्या आणल्या, लाल जाळीदार असतात त्या. शिवण उसवून त्या उलगडल्या, तीन-तीन एकत्र टाचल्या आणि वाफ्यापासून वीतभर उंचीवर काठ्यांवर ताणल्या. पाणी झारीने वरूनच घालता येतं. मेथी दोन बोटं वर आली की काढून टाकायच्या.

गोणीचं आयुष्य मात्र थोडं असतं. ती एकदाच वापरायच्या हिशेबाने बनवलेली, उन्हाला टिकणारी नाही. एका हंगामात दोरा कडक होतो, मग हाताला लागला तरी तुटतो आणि लाल तुकडे मातीत मिसळतात. कडक व्हायला लागली की लगेच काढायची, असं वाफेवाल्या सगळ्यांना सांगून ठेवलं.

समोरच्या बिल्डिंगचं काम चालू आहे, तिथली हिरवी जाळी फुकट मिळत होती. ती कोथिंबिरीपुरती घेतली. ऑक्टोबरच्या उन्हात कोथिंबिरीला सावली लागते, तिथे ती उपयोगी. कोबी-टोमॅटोवर ती टाकणं चुकीचं ठरेल, कारण ती बरंच ऊन अडवते आणि हिवाळ्यातलं ऊन आपल्याला पुरेपूर हवं आहे. जाळी पांढरी का घेतली असं दोघा-तिघांनी विचारलं, त्याचं कारण हेच.

२७ ऑक्टोबर, रविवार

आज कमानी. नवरात्रीचा मंडप उतरवणाऱ्यांकडून बांबू घेतले. बुरूडकाम जाणणारे एक गृहस्थ जवळच बसतात, त्यांनी ते चिरून आठ-नऊ फुटांच्या कामट्या करून दिल्या. कामटी रात्रभर पाण्यात ठेवली की न मोडता वाकते. दोन्ही टोकं वीतभर जमिनीत, मधली उंची अडीच फूट, दोन कमानींमध्ये अडीच फूट अंतर, आणि सगळ्यांच्या माथ्यावरून एक सरळ कामटी सुतळीने बांधली. ही आडवी कामटी नसेल तर जाळी दोन कमानींमध्ये झोळ खाते आणि पानांवर टेकते. कामटीची टोकं खरखरीत असतात, त्यांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बसवले, नाहीतर कापड पहिल्या वाऱ्याला फाटेल.

कापडाचा पन्हा दीड मीटर. दोन पन्हे मधोमध जोडून शिवले की तीन मीटर रुंदी झाली. कमानीवरून जाऊन दोन्ही बाजूंना हात-हातभर कापड जमिनीवर उरतं. ही उरलेली कड फार महत्त्वाची. पतंग कापडातून जाण्याचा खटाटोप करत नाही, तो कडेने जागा शोधत फिरतो. वाफ्याच्या मातीला उंचसखलपणा असतो, विटा ठेवल्या तर दोन विटांच्या मधे फट राहते. म्हणून जुन्या सुती साडीच्या लांब नळ्या शिवल्या, त्यात रेती भरली. ही रेतीची नळी मातीच्या चढउताराबरोबर बसते, कुठे फट राहत नाही आणि वाफा उघडायचा तर एका बाजूची नळी उचलली की झालं. आईने मशीनवर बसून अर्ध्या दुपारात सगळ्या नळ्या शिवून दिल्या.

३ नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज

फक्त पाणी घातलं. रोपं चार पानांवर.

१० नोव्हेंबर, रविवार

पुनर्लागण. ऊन उतरल्यावर चार वाजता सुरुवात केली, अंधार पडायच्या आत जाळी टाकून झाली. हे पतंग संध्याकाळनंतर उडतात आणि अंडी घालतात, त्यामुळे रोप लावून "उद्या झाकू" म्हटलं तर एक रात्र फुकट जाते.

झाकण्याआधी प्रत्येक रोप हातात घेऊन पान उलटून बघितलं. अंडं किंवा अळी असलेलं एक रोप आत गेलं तर तिच्यासाठी आपण सुरक्षित घरच बांधून दिलं असं होईल. मातीचंही तसंच. गेल्या हंगामात जिथे कोबी होता, तिथल्या मातीत कोष राहू शकतात, मग कीड जाळीच्या आतूनच उगवते. ही माती नवी आहे म्हणून यंदा प्रश्न नाही. पुढच्या वर्षी वाफे आलटून पालटून घ्यावे लागतील.

टोमॅटोच्या दोन ट्रेंमधला फरक आताच डोळ्यांना दिसतो. उघड्या ट्रेतल्या काही रोपांची शेंड्याची पानं आत वळली आहेत, कडा पिवळसर, दोन पानांतलं अंतर आखडलेलं. जाळीखालची रोपं सरळ आणि मोकळी. आखडलेली रोपं उपटून टाकली, कारण विषाणूवर औषध नाही आणि ती ठेवली तर माशी त्यांच्यावरून बाकीच्यांवर जाईल. वाफ्यात पिवळे चिकट सापळे लावले. मोठ्या टोमॅटोला आता जाळी नाही, फक्त आधाराच्या काठ्या.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेच्या मतदानाची सुट्टी. सकाळीच मत देऊन आले आणि उरलेला वेळ वाफ्यांवर.

उघड्या वाफ्यातल्या कोबीवर पहिल्या खुणा दिसल्या. पान उन्हाकडे धरलं की छोट्या छोट्या खिडक्या दिसतात. कोवळी अळी पानाचा खालचा हिरवा भाग खरवडून खाते आणि वरचा पातळ पापुद्रा तसाच सोडते, त्यामुळे त्या जागी पान आरपार दिसतं. काडीने हलकेच टोचलं तर पोपटी रंगाची सेंटिमीटरभर अळी वळवळत मागे सरकली, कडेवरून पडली आणि बारीक धाग्याला लोंबकळत राहिली. चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची अळी ओळखायची ही पक्की खूण. काका शेजारी खुर्ची टाकून बसले होते. त्यांना भिंग दिलं, मग त्यांनीच पुढची चार रोपं तपासली आणि प्रत्येकावर अळी शोधून दाखवली.

जाळीखाली एकही खिडकी नाही.

मच्छरदाणीचं कापड कोबीवर वापरण्याचा प्रयोग पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन देशात झाला आहे, २००६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तिथल्या छोट्या भाजीवाल्यांनाही याच पतंगाचा त्रास होता, कारण फवारण्या वाढत गेल्या तशी ही कीड औषधांना दाद देईनाशी झाली. हा पतंग जगभर त्यासाठीच कुप्रसिद्ध आहे. जे औषधाला बधत नाही ते साध्या कापडाला अडतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

१ डिसेंबर, रविवार

कोबीची पानं वाढून दोन ठिकाणी जाळीला टेकली होती. तिथेच, जाळीच्या बाहेरच्या बाजूला, तपकिरी केसांनी झाकलेला अंड्यांचा पुंजका. तंबाखूची पानं खाणाऱ्या अळीचा पतंग अशी शेकडो अंडी एकाच जागी घालतो. अंड्यातून निघालेली अळी इतकी बारीक असते की दीड मिलिमीटरचं भोक तिला दरवाजासारखं मोकळं. ती बाहेर निघाली असती तर जाळीतून सरळ पानावर उतरली असती.

पुंजका कागदावर खरवडून साबणाच्या पाण्यात टाकला. त्या बाजूच्या कामट्या बाहेर सरकवून जाळी पानांपासून चार बोटं लांब केली. आता रोज पाणी घालताना जाळीवरूनही नजर फिरवायची. पांढऱ्या कापडावर तपकिरी पुंजका लांबूनही दिसतो, पांढऱ्या रंगाचा हा आणखी एक फायदा.

८ डिसेंबर, रविवार

हा आठवडा विचित्र गेला. थंडी गायब, दमट उकाडा आणि ढगाळ आकाश. जाळी उचलली तर कोबीच्या आतल्या पानांवर मावा. राखाडी-हिरव्या बारीक किडींचा थर, पानं चिकट. उघड्या वाफ्यातही मावा आहे, पण कितीतरी कमी, आणि त्यात लाल पाठीवर काळे ठिपके असलेले ढालकिडे फिरताहेत. त्यांच्या अळ्याही दिसल्या, काळ्या-नारिंगी, लांबट, मगरीच्या पिल्लासारख्या. एकेक अळी मावा वेचून खात होती.

म्हणजे झालं असं: पंख असलेला मावा इवलासा, तो जाळीतून आत गेला. त्याला खाणारा ढालकिडा त्याच्यापेक्षा मोठा, तो बाहेर अडला. आत माव्याला ना शत्रू ना पाऊस, आणि तो नराशिवायही भराभर पिल्लं देतो. जाळी शत्रू-मित्र ओळखत नाही, ती फक्त आकार ओळखते. ज्यांना वाटतं की जाळी टाकली म्हणजे वाफ्याकडे महिनाभर बघायला नको, त्यांनी ही नोंद नीट वाचावी.

उपाय सोपा होता. सकाळी एका बाजूची रेतीची नळी उचलून जाळी वर गुंडाळली. पाइपच्या जोरदार फवाऱ्याने पानांच्या खालून मावा धुऊन काढला. मग उघड्या वाफ्यातले ढालकिडे अळ्यांसकट पानावरून अलगद उचलून या कोबीवर सोडले. दुपारभर उघडं ठेवलं, दिवे लागायच्या आधी झाकलं. दिवसा मित्रकीटकांना वाट मोकळी आणि रात्री पतंगाला दार बंद, असं पुढचे काही दिवस चालवणार.

११ डिसेंबर, बुधवार

मावा आटोक्यात. थंडी परतली.

१५ डिसेंबर, रविवार

आजची गोष्ट विस्ताराने लिहिते, कारण स्वस्त जाळीतला खरा धोका इथे आहे.

टोकाच्या वाफ्यावरच्या ताईंचे टोमॅटो बुलबुल टोचत होते. त्या करावे गावातल्या ओळखीच्या मावशींकडून मासेमारीचं जुनं जाळं घेऊन आल्या. मावशींनी पैसे घेतले नाहीत, म्हणाल्या, "ह्या जाल्यान आता म्हावरा नाय गावत, तुमचे भाजीला तरी येवदे कामाला." जाळं नायलॉनच्या एकेरी तंगूसाचं, उन्हात दिसतसुद्धा नाही. ताईंनी ते टोमॅटोवर टाकलं, खालचा भाग जमिनीवर सैल पडला होता.

सकाळी वॉचमनने बोलावलं. त्या सैल भागात धामण अडकली होती, चांगली पाच-सहा फूट. डोकं एका घरातून बाहेर, पुढे जायला बघत होती आणि जितकं जोर लावत होती तितका दोरा खवल्यांखाली रुतत होता. असा अडकलेला साप मागे सरकू शकत नाही, खवले अडतात. सर्पमित्र येईपर्यंत आम्ही लोकांना लांब ठेवलं आणि तिच्यावर ओलं पोतं धरून सावली केली. सर्पमित्राने डोकं हळू धरून छोट्या कात्रीने एकेक दोरा कापला. मानेजवळ दोन ठिकाणी वळ उठले होते, पण रक्त नव्हतं. तो तिला तपासून सोडणार म्हणाला.

धामण बिनविषारी. भिंतीलगतच्या घुशी आणि उंदीर तीच कमी करते. आमचे वाफे घुशींनी उकरले नाहीत ते कदाचित तिच्यामुळेच. तिला मारणारी जाळी भाजी वाचवते असं कसं म्हणायचं?

संध्याकाळी सगळे वाफेवाले जमले आणि तिथल्या तिथे ठरवलं. मोठ्या घराची सैल जाळी जमिनीपर्यंत सोडायची नाही. पक्ष्यांसाठी जाळी हवीच असेल तर चौकटीवर घट्ट ताणलेली, जमिनीपासून फूटभर वर, आणि कापणी झाली की त्याच दिवशी काढायची. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात सप्टेंबर २०२१ पासून घरगुती फळझाडांवरच्या जाळीचं घर पूर्ण ताणल्यावर ५ मिलिमीटरपेक्षा मोठं चालत नाही, प्राणी-पक्षी अडकू नयेत म्हणून. घराघरात ओळखायची सोपी रीत: बोट आरपार गेलं तर ती जाळी नको. आमचं मच्छरदाणीचं कापड या कसोटीला उतरतं, कांद्याची गोणीही उतरते. मासेमारीचं जाळं नाही. ताईंनी ते स्वतःच गुंडाळून परत दिलं आणि टोमॅटोच्या घोसांना गोणीच्या पिशव्या बांधल्या. बुलबुलांना तेवढंही पुरतं.

२२ डिसेंबर, रविवार

दुधी. इथे जाळीचा नियम उलटा होतो.

कोबीला फूल येण्याआधीच आपण तो खातो, त्याला मधमाशी नको. टोमॅटो, वांगं, भेंडी स्वतःच्या परागावर फळ धरतात, फक्त फुलाला हलवणारं कोणी हवं. आमच्या झाकलेल्या वांग्यांना मी सकाळी काठीने टिचक्या मारते, फळधारणा चांगली आहे. दुधी, काकडी, दोडका, कारलं यांचं तसं नाही. नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. वेल कायमचा झाकला तर मादी फुलं पिवळी पडून गळतात.

म्हणून वेल उघडा आणि फळ झाकलेलं. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं. साडेसहाला खाली गेले, नर फूल देठासकट तोडलं, पाकळ्या मागे मुडपल्या आणि परागाचा दांडा मादी फुलाच्या तोंडावर फिरवला. मादी फूल ओळखायला सोपं, त्याच्या मागे बोटाएवढा लव असलेला दुधी आधीच असतो. दोन-तीन दिवसांत फळ तरारलं की मच्छरदाणीच्या कापडाची मोठी पिशवी चढवायची. पिशवी ऐसपैस हवी. फळाला चिकटली तर फळमाशी कापडावर बसून भोकातून सोंड खुपसावी तसं अंडी घालायचं टोक खुपसते. वरून सगळं ठीक दिसतं, चिरल्यावर आत अळ्या. पिशवी फुगलेली राहावी म्हणून आत वाकवलेल्या कामटीचं एक कडं बसवलं.

डंख झालेली फळं मातीत टाकायची नाहीत. त्यातली अळी जमिनीत जाऊन कोष करते आणि पुन्हा माशी होऊन वर येते. अशी फळं बंद पिशवीत घालून उन्हात तापवून मगच टाकतो.

२९ डिसेंबर, रविवार

वांगी कमानीला भिडली. त्या टोकाची जाळी काढून बांबूच्या चार खांबांवर उंच केली. उघड्या वाफ्यातल्या वांग्यांचे शेंडे मान टाकताहेत, म्हणजे शेंडा पोखरणारी अळी. कोमेजलेला शेंडा दोन बोटं खालून कापायचा, चिरून आतली अळी मारायची. झाकलेल्या वांग्यात असा शेंडा अजून नाही.

१३ जानेवारी २०२५, सोमवार, भोगी

भोगीच्या भाजीला वांगी आमचीच. गाजर, पावटा, सोलाणे बाजारातून आणले, तिळाचं कूट लावून मिसळीची भाजी केली आणि बाजरीच्या भाकरीबरोबर काकांकडे डबा पाठवला.

कोबीची तोडणीही आजच. झाकलेल्या वाफ्यातले गड्डे घट्ट, बाहेरची दोन पानं काढली की आत स्वच्छ. उघड्या वाफ्यातही गड्डे धरले, पण निम्म्याहून जास्त रोपांच्या आतल्या पानांना भोकं आणि त्यात अळीची विष्ठा, चिरताना थर थर सोलून बघावं लागतं. दोन रोपांचा शेंडाच खाल्ला गेला, त्यांनी गड्डा धरलाच नाही. वजनात फरक आहेच, मला स्वयंपाकघरातला फरक मोठा वाटतो. झाकलेला कोबी विळीवर सरळ चिरता येतो.

१९ जानेवारी, रविवार

हिशेब. मच्छरदाणीचं कापड १२ मीटर, ५५ रुपये मीटरने ६६० रुपये. ४० मेशचा तुकडा १४०. बांबू आणि चिराई ३००. कपड्यांचे चिमटे ८०, सुतळी-दोरा ६०, पिवळे सापळे १२०. एकूण १,३६० रुपये. गोण्या, साड्या, रेती, ट्यूब घरच्या किंवा मागून आणलेल्या. एका हंगामाच्या कोबी-वांग्यात हे पैसे वसूल झाले असं मी म्हणणार नाही, पण कापड आणि ४० मेश पुढच्या हंगामाला तयार आहेत. सापळे नि सुतळी तेवढी पुन्हा घ्यावी लागेल.

कापड साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून धुतलं, सावलीत वाळवलं. उन्हात वाळत घातलं तर तेवढं आयुष्य उगाच कमी होतं. दोन ठिकाणी विरलं होतं, तिथे ठिगळ लावलं. घडी करताना सुकलेले कोष दोऱ्यात अडकले नाहीत ना ते उजेडावर धरून बघितलं. मग पोत्यात भरून, उंदरांपासून लांब, माळ्यावर.

पावसाळ्यासाठी हीच रचना चालणार नाही. जूनमधला वारा अशी कमान उचलून नेईल आणि ओल्या कापडाखाली रोपं कुजतील. शिवाय पावसाळ्यात इथे शंखी गोगलगायी निघतात, त्या जमिनीवरून येतात, म्हणून तेव्हा कापड वरून नाही तर वाफ्याभोवती उभं, फूटभर उंच, वरची कड बाहेर वळवलेली असं लावून बघायचं आहे. भेंडीला पिवळा शिरांचा रोगही पांढरी माशीच देते, तेव्हा भेंडी थेट न पेरता ४० मेशखाली छोट्या कागदी द्रोणांत रोपं करून, द्रोणासकट लावायची. भेंडीचं मूळ दुखावलेलं चालत नाही, द्रोण त्यासाठी. ताईंनी द्रोण जमवायला सुरुवात केली आहे. काकांनी आठवण करून दिली की वाफे आलटायचे आहेत, म्हणजे कोबीच्या जागी भेंडी.

बियाणं मेच्या पहिल्या आठवड्यात आणायचं. तोवर तिसऱ्या वाफ्यात पालक आणि मुळा चालू.